हृदय थांबवण्यापूर्वीची व्यवस्था

मी, सौ. दीपमाला अश्विन इंगळे, वय ४६, कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्राची शिक्षिका, राहणार जठारपेठ, अकोला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना लिहीत आहे. दबाव टाकू शकणारे पती भाजी आणायला गेले आहेत.

कारण असे. माझ्या उजव्या मूत्रपिंडात कर्करोग आहे. तो मोठ्या शिरेतून वर चढत हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचला आहे. येत्या बुधवारी नागपुरात पोट आणि छाती उघडून, हृदय काही वेळ थांबवून, मूत्रपिंडासह ती गाठ काढणार आहेत. कप्प्याच्या भिंतीला चिकटली नसेल तर ओढून निघेल, चिकटली असेल तर कापावी लागेल. दहांतला एक रुग्ण टेबलावरून परतत नाही, असे सर्जन म्हणाले. तेव्हा हृदय चालू आहे तोवर लिहून ठेवते.

१. जठारपेठेतील फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा पती अश्विन यांना. त्यांनी डॉक्टरांना दाराबाहेर नेऊन "तिले काही सांगू नका, ती मनाले लावून घेते" असे सांगितले, तेही बडनेऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. फ्लॅट तरीही त्यांनाच. आम्हाला मूल नाही. या विषयावर नातेवाईक पुरेसे बोलून चुकले आहेत, म्हणून इथे विस्तार करत नाही.

२. भविष्य निर्वाह निधीला पतीचेच नामनिर्देशन आहे. त्यात बदल नाही.

३. माझी स्कूटर धाकटा भाऊ अनुप यास. आरसे नाहीत, ते त्यानेच फोडले. अनुप वरुडला कृषी खात्यात आहे आणि घरात काही लपवायचे असले की त्याच्याकडून संत्र्यांची पेटी येते. गेल्या महिन्यात तीन आल्या. मी तेव्हाच समजायला हवे होते, पण मी बसून संत्री खाल्ली.

४. विच्छेदनाची पेटी आणि बरणीतले मेंढीचे हृदय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला. यासोबत एक दुरुस्ती जोडते. एकवीस वर्षे मी बारावीच्या वर्गात सांगितले की हृदयाच्या पेशी विभागत नाहीत, म्हणून हृदयाला कर्करोग होत नाही. हे अर्धवट आहे. तिथे तो क्वचितच सुरू होतो, पण दुसरीकडून येऊ शकतो. माझ्या नोट्सच्या झेरॉक्स अजून फिरत असतील. सापडतील तेवढ्यांवर हे लिहावे.

ही चूक माझ्या पदरात घालणारा सोहम, माझाच विद्यार्थी. तो नागपूरला त्याच रुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया शिकतो आहे. रिपोर्ट त्याच्या हातात होता.

"मॅडम, सरांनी सांगू नका म्हटलंय."

"नाव न लिहिलेलं जर्नल मी कधी तपासलं होतं का रे? या रिपोर्टवर नाव कोणाचं आहे?"

मग त्याने चिठ्ठीच्या मागे हृदयाची आकृती काढली. भागांची नावे डावीकडे लिहू लागला, मी उजवीकडे लिहायला लावली. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर शिकवलं होतं, हृदयात कॅन्सर होत नाही."

"मग आता?"

"आता सिलॅबस बदलला, मॅडम."

त्याच दिवशी संमतीपत्रावर मी स्वतः सही केली. अश्विन पेन शोधत होते. बहुधा शोधण्याचे नाटक करत होते. हे लिहिणे अन्यायाचे वाटते, पण खोडत नाही.

५. माझ्या चोवीस डायऱ्या कोणीही वाचू नयेत. वाचल्याच तर आपापल्या नावाची पाने आधी शोधू नयेत. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात. शोकसभेत प्राचार्यांनी मला मनमिळाऊ म्हणू नये. साक्षीदार म्हणून सगळा स्टाफ उभा करीन.

<s>६. सोन्याची दोन पदरी पोत आई केशरबाई हिला.</s>

<s>७. आईला मी मुतखड्याचे ऑपरेशन असल्याचे सांगितले आहे. ती शहात्तर वर्षांची आहे. खरे काय ते अनुपने तिला नंतर सांगावे.</s>

काल इथवर लिहिले आणि थांबले. अश्विनने केले ते लपवणे, मग मी केले ते काय? आज सकाळी अंजनगाव सुर्जीहून आई आली. मुतखड्यावर औषध म्हणून पिशवीत तीन किलो कुळीथ. दोन आठवडे ती उकळून बाटल्या पाठवते आहे आणि मी निमूटपणे पिते आहे. मी चहा ठेवायला गेले. टेबलावर हे कागद होते. आई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात वाचायला शिकली. शब्दाखाली बोट ठेवून वाचते, पण एकही सोडत नाही.

"एवढी मोठी गोष्ट, अन् मले कुयीथ उकळाले लावले?"

"आई, तुला झेपलं नसतं."

"तुह्या बापाले झेपनार नाही म्हून मी बी सांगतलं नव्हतं. मरेपर्यंत इचारत होता, केशर, मले झालं तरी काय? तीस वर्सं झाली, अजून झोपीत येऊन इचारते तो. आता तू मले तसंच इचारत बसाले लावतं काय?"

चहा उतू गेला.

मग तिने चष्मा पुसला. "सही कुठी करू, दाखव."

"तू साक्षीदार नको होऊस. तुझ्या नावाने पोत ठेवली आहे, घेणाऱ्याची साक्ष चालत नाही."

"पोत तुह्या गयातच राहू दे. खोड ते कलम. अन् खालचं बी खोड, ते तर खोटंच हाये."

त्यानुसार कलम ६ व ७ रद्द. खाडाखोडीशेजारी माझी लघुस्वाक्षरी आहे.

८. (नवे) बुधवारी ऑपरेशन थिएटरबाहेर जी बातमी असेल ती डॉक्टरांनी सर्वांआधी केशरबाई देवमन खंडारे यांना सांगावी. पूर्ण सांगावी. त्यांना दाराबाहेर बसवून दुसऱ्या कोणालाही बाजूला नेऊ नये.

हे वाचून, समजून सही केली.
दीपमाला अश्विन इंगळे

आमच्या समक्ष सही झाली:
१. केशरबाई देवमन खंडारे, अंजनगाव सुर्जी (स्वतः वाचून)
२. नत्थुजी महादेवराव काळमेघ, सेवानिवृत्त तलाठी, तळमजला

स्थळ: अकोला
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार