माहेरची मंडळी

आजी, मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं तुला रिकामटेकडेपणा वाटला असता. त्यापेक्षा मेथी निवड, म्हणाली असतीस. वाटू दे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुझ्याशी एकदा नीट भांडायचं राहूनच गेलं, म्हणून लिहिते आहे.

आजोबा गेल्यावर बाबांनी तुला इकडे अमेरिकेत, नॉर्दर्न व्हर्जिनियाला आणलं, तेव्हा मी हायस्कूलमध्ये होते. तू घरात सतत गात असायचीस. सकाळी देवापुढे अभंग, आणि मराठी मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या कॅफेटेरियात, माइकसमोर मांडी घालून पुन्हा अभंग. सगळ्या काकू माना डोलवायच्या आणि बाबांची छाती फुगायची. पण स्वयंपाकघरात हात कणकेत असले की तुझ्या तोंडून वेगळंच काहीतरी यायचं. संथ, सरळ, एकही हरकत नसलेलं, आणि शब्द तोंडातल्या तोंडात. हे काय, असं मी विचारलं की म्हणायचीस, "आमच्या मंडळीत गायचे. बायकांची एक चाल, पुरुषांची दुसरी, आणि सगळे एकदम." मंडळी म्हणजे माहेरची माणसं, असंच आम्ही धरून चाललो. तुमच्या माहेरची मंडळी भलतीच गाणारी दिसते, अशी आई चेष्टा करायची. त्या माहेरचं कुणी आम्ही कधी पाहिलं नव्हतं. नगरकडचं एक गाव आणि सगळे तापाच्या साथीत गेले, एवढीच माहिती. ती देतानाही तुला नेमकं दुसऱ्या खोलीतलं काम आठवायचं.

मग तो उन्हाळा. मी तुला फिरायला नेते आहे, आपल्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे कॉलनीच्या, बाहेर, रस्त्यापलीकडच्या पांढऱ्या चर्चपर्यंत. उकाड्यामुळे त्यांनी दारं उघडी टाकली आहेत आणि आत कॉयरची प्रॅक्टिस चालू आहे. तू थांबतेस. मला वाटतं, दम लागला. तर तू गायलाच लागतेस. चाल त्यांचीच, पण शब्द मराठी, आणि त्यांच्या सुराच्या खाली आपला वेगळा सूर धरून. इतके दिवस पुटपुटलेले शब्द मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आले आणि त्यात ख्रिस्त होता. आतून एक पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली, हसली आणि मला म्हणाली, "शी नोज द ऑल्टो." मला ऑल्टो म्हणजे पुण्याच्या मामाची गाडी एवढंच माहीत; कॉयरमधल्या बायकांच्या खालच्या सुराला ऑल्टो म्हणतात, हे नंतर कळलं. मी तुला काय भाषांतर करून सांगितलं देव जाणे, पण तू तिच्यामागोमाग आत गेलीस आणि बाकावर बसून रडलीस.

घरी येताना सगळं सांगितलंस. तुमच्यात मंडळी म्हणजे चर्च. तुझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. आजोबा पाटबंधाऱ्याच्या कामाला त्या गावात आले, तुम्ही लग्न केलंत, आणि त्यांनी एकच अट घातली, की माहेर संपलं. "नाव तर सगळ्याच बायकांचं बदलतं," तू म्हणालीस, "माझं जरा जास्त बदललं." साथबिथ काही आली नव्हती. तुझे आईवडील पुढे कितीतरी वर्षं जगले आणि तू त्यांना घरबसल्या मारून टाकलं होतंस. तुझी कीव करावी की तुला घाबरावं, हे मला त्या वयात कळेना.

पुढचे काही महिने तू सुखात होतीस, हे मी शपथेवर सांगेन. बुधवारी फिरायला जातो म्हणून आपण तिकडे जायचो. इंग्रजीचा तुला गंध नाही, पण तू तुझ्या मराठीत गायचीस आणि त्या बायका तुझ्यासाठी खुर्ची राखून ठेवायच्या. घरी देवापुढे दिवा तू लावतच राहिलीस. एकदा मी विचारलं की हे दोन्ही कसं चालतं. तू म्हणालीस, "इतकी वर्षं हात जोडून उभी राहायचे ग, पण समोर कुणी आहे असं वाटायचं नाही. आता वाटतं." तेव्हाच तू मला दुसरी गोष्ट सांगितलीस. तुला जाळायचं नाही, पुरायचं, आणि पुरताना चर्चच्या दारात गायलेलं ते गाणं म्हणायचं. बाबांना तू स्वतः सांगणार होतीस. मी फक्त बाजूला उभं राहायचं होतं.

त्याआधीच ती पांढऱ्या केसांची बाई बेक केलेला गोड 'पाय' घेऊन घरी आली. सफरचंदाचा होता. बाबांनी दार उघडलं आणि तिने त्यांना सांगितलं की तुमची आई आमच्याकडची सर्वांत चांगली ऑल्टो आहे. बाबांनी हसून आभार मानले आणि हळूच दार लावलं. जेवताना त्यांनी तुला सगळं विचारलं, तूही सगळं सांगितलंस. मला वाटलं, आता येशूवरून भांडण होणार. पण येशूबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ख्रिश्चन व्हायच्या आधी तुमचे लोक कोण होते?" तू पानाकडे बघत राहिलीस. बाबांना उत्तर कळलं. ते जेवण अर्धं टाकून उठले. मी म्हटलं, "शी जस्ट सिंग्ज, बाबा." ते म्हणाले, "तुला नाही कळणार. मंडळात लोकांना काय एक्स्प्लेन करू मी?" बुधवार बंद झाले. तुला गाडी येत नव्हती, भाषा येत नव्हती, आणि आता तो रस्ताही ओलांडायचा नव्हता. कणीक मळतानाही तू गप्प राहायला लागलीस.

हिवाळ्यात पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले. फॅमिली रूममध्ये हॉस्पिसचा पलंग आला, आणि एका दुपारी बाबा तुझ्या उशाशी येऊन बसले. तुझा हात हातात घेतला. रडत होते. "आई, शेवटचं कसं करायचं, तूच सांग. तू म्हणशील तसं करेन." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी आहे, ठरल्याप्रमाणे. तू माझ्याकडे बघतेस, मग बाबांकडे, आणि म्हणतेस, "तुला बरं दिसेल तसं कर, बाळा. माझं काही म्हणणं नाही."

तुला जाळलं. शनिवार-रविवार पूजा सांगणारे एक काका आले, त्यांनी मंत्र म्हटले. फ्युनरल होममधल्या माणसाने दाखवलं ते बटण बाबांनी दाबलं. ती बाई मागच्या रांगेत कोट न काढता बसली होती. ती गायली नाही. कुणी तिला गा म्हटलंही नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी बाबांशी कामापुरतंच बोलायचे. आता ते थकले आहेत, एकटेच असतात. गेल्या वर्षी चहा पिताना आपणहून म्हणाले, "तिने तेव्हा एक शब्द काढला असता, तर मी केलं असतं." माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मी तिथे होते, त्यांचा चेहरा मी पाहिला होता. त्या दिवसापासून बाबांवरचा राग उतरला आणि माझी पंचाईत झाली, कारण राग होता तेवढाच आहे. तो तुझ्यावर आहे, आजी. आधी नवऱ्यासाठी गप्प बसलीस, मग मुलासाठी, आणि तोंड उघडायची वेळ कुणीतरी रडत रडत हातात आणून दिली, तेव्हाही. वर लोक म्हणतात, किती सोशिक होती. मला ते ऐकवत नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, हे बरंच आहे. खरं सांगू? तू इथे समोर बसलेली असतीस, तरी यातलं एक अक्षर मी तुला बोलून दाखवलं नसतं. तुझीच नात आहे मी.