फिरता कमरपट्टा

माझ्यावर रुसलेल्या लाडक्या इन्साफ खालाला,

"अंगाला कापड कळू नये, कापडाला अंग कळू नये. चार बोटं सैल ठेव, पोरी." मन्सूरा गावी तुझ्या शिलाई मशीनपाशी बसून लहानपणी ऐकलेलं हे वाक्य अजून कानात आहे, आणि त्यानेच माझा घात केला. (आधी सलाम. गुडघे कसे आहेत? बदकं अंडी देतात ना?)

झालं असं. इथे कैरोत मी तुझ्याच शिकवणीतले पायघोळ गलाबिये शिवत होते. एक दिवस शेजारची नूसा तुटलेला मण्यांचा कमरपट्टा घेऊन रडत आली. संध्याकाळी एका लग्नात तिचा नाच होता. मी नवाच शिवून दिला. तुला स्मरून, चार बोटं सैल. उभी राहिली तेव्हा झकास दिसला. (माप उभ्यानेच घेतलं होतं ना!) नाचायला लागली आणि पट्टा निघाला फेरफटक्याला. नूसा डावीकडे, पट्टा उजवीकडे. मागचा गोंडा पुढे आला, पुढची झालर मागे गेली. ढोलकीवाले फूलीचाचा (सत्तरीचे, पण चावट) ओरडले, "अगं, तू थांब, त्यालाच नाचू दे!" नवरीची आजी टाळ्या पिटत म्हणाली, "वा गं बाई! कंबर इथे, झुंबर तिथे!"

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात नाचणाऱ्या बायांची रांग. सगळ्यांना फिरता पट्टा हवा! नूसा म्हणाली, "आधी मला न फिरणारा शिव, बये." मग तिला खोलीभर नाचवलं आणि तोंडात टाचण्या धरून मागे पळत माप घेतलं. तेव्हापासून असंच घेते. पट्ट्यावरून चोळी, चोळीवरून घागरा, असं करत आता पूर्ण पोशाख माझ्या मनाने बेतते. दुकानावर माझ्या नावाची पाटी आहे. तू मात्र शपथ घेतलीस, की नाचाचे कपडे शिवणाऱ्या सुईचं कापड अंगाला लावणार नाही. असो. त्याबद्दल मी लिहीतच नाहीये. मजेत आहे.

तुझीच,
राविया

ता. क. तुझी सून सबाह सांगत होती, तुला हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून तू बाजारचा तयार गलाबिया घालतेस. तू! आणि तोही खांदे उतरलेला!

आणखी एक. गुडघ्यांचं उगाच विचारलं, विचारायचं होतं ते हे : तुझा एक गलाबिया मला शिवू दे. नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. पण मापासाठी तुला नाचावं लागणार नाही. चार बोटं सैल ठेवीन. मणी एकही लावणार नाही. (एकच. आतून. कुणाला दिसणार नाही.) शिवू देशील?