चाळीस जणींचं माप

प्रतिभाताई,

तुम्ही फोनवर विचारता, "कशी आहेस?" आणि मी म्हणते, "मजेत!" पहिला आठवडा ते साफ खोटं होतं. अठरा पूर्ण झाली म्हणून बालगृह सोडून मंचरच्या खोलीवर आले आणि पाच दिवस नुसत्या बिस्किटांवर काढले. एवढी शांतता कधी ऐकलीच नव्हती. छाती धडधडायची. तुम्ही समुपदेशक, आवाजावरून ओळखलं असतं, म्हणून फोन पटकन ठेवायचे.

पण सहाव्या दिवशी काय झालं, ऐका तरी! मी खिचडी टाकली. बालगृहात स्वयंपाकाच्या पाळीत शिकले ते माप चाळीस जणींचं. कमी कमी म्हणत टाकलं, तरी पातेलं काठोकाठ! वर सवयीने गॅलरीत जाऊन पळीने ताटही बडवलं, तिकडे पोरींना जेवायला बोलवायचे तसं.

शेजारच्या बयाबाई धावत आल्या. "काय गं, आग लागली का काय?"

"न्हाई, जेवायला या."

त्यांनी पातेल्यात डोकावलं. "अगं, लगीन हाय का कुणाचं?"

लई हसलो, ताई! अख्ख्या मजल्याने खिचडी खाल्ली. बयाबाईंना मी छातीचंही सांगून टाकलं. "मग तसं झालं की भिंतीवर थाप मार की, मी पलीकडंच हाय," म्हणाल्या.

हे पत्र टाकत नाही. रविवारी तुमचा फोन आला की सगळं तोंडाने सांगणार, खरंखुरं. आज तर पहिल्यांदाच एकटीपुरता भात बरोब्बर लावला, आणि तो कमी पडला. बयाबाई ताट घेऊनच आल्या!

पहिल्या मजल्यावरची,
अक्षदा