कार्ड नंबर एकोणीस

२ नोव्हेंबर १९९७, सीवूड्स

आलो बाबा एकदाचा! म्हसळ्याच्या शाळेतून दोन महिन्यांची रजा काढली तेव्हा हेडमास्तर म्हणाले, इद्रीस सर, कादंबरी लिहायला कोण रजा घेतं? मी घेतो! तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीसमोर तिवरं आणि त्यांच्यामागे खाडी. घरमालक कमळाकरशेठ. याच जागेवर त्यांचं भात पिकायचं, आता बिल्डिंग उभी आहे. तळमजल्यावर ते, विमलबाई आणि सात वर्षांची नात चिमी. पोरगी दिवसभर लाल फ्रॉकात जिन्यावर उड्या मारते. आमच्या लेकीच्या, तूबाच्याच वयाची. शमसुन्निसा तूबाला घेऊन तेवीस तारखेला येणार. तोवर नुसतं लिहायचं.

४ नोव्हेंबर

पावणे गावातल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुना कॉम्प्युटर मिळाला. त्यात कादंबरी आखायचा प्रोग्राम आहे, काय सांगू! प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड, त्यावर काय घडणार ते दोन-तीन ओळींत. कार्डं प्रकरणांत टाकायची, हवी तशी मागेपुढे सरकवायची. कार्डावर पात्रांची नावं आणि खाली एक चौकोन. प्रसंग लिहून झाला की त्यात खूण करायची. मराठी अक्षरं येत नाहीत, म्हणून रोमनात बडवतो.

माझी जुनी खोड, पहिल्या खर्ड्यात ओळखीच्यांची खरी नावं घालतो. माणसं लगेच बोलायला लागतात. शेवटी बदलून टाकायची. कमळाकरशेठना सांगितलं तर खूश. मना मारू नको हां, बाकी कायपन कर, म्हणाले. मी नुसता हसलो. सातव्या कार्डावर ते मरणारच होते.

११ नोव्हेंबर

सव्वीस कार्डं झाली! हे एकोणिसावं. ‘भरती चढताना तूबा खाडीच्या चिखलात उतरते. बाप खिडकीतून हाका मारतो. ती वळत नाही.’ सगळी कादंबरी या एका प्रसंगावर उभी आहे. शमसुन्निसाला कळलं तर जेवायला घालणार नाही.

१५ नोव्हेंबर

कमळाकरशेठ गेले. सकाळी गच्चीवरच्या टाकीत पाणी बघायला शिडी चढले, डाव्या चपलेचा अंगठा तुटला आणि खाली आले ते गेलेच. विमलबाईंचा हंबरडा अजून कानात आहे.

सातव्या कार्डावर मी हेच लिहिलंय. शिडी, डावी चप्पल, अंगठा. योगायोग म्हणायला मी तयार आहे. पण त्या चौकोनात खूण आहे आणि तो प्रसंग कादंबरीत मी अजून लिहिलेलाच नाही.

१७ नोव्हेंबर

काल बिल्डिंगची वीज गेली, आठवं कार्ड. आज दारावरून वरात गेली, नववं. दोन्हींवर खुणा. क्रमाने चाललंय.

एकोणिसावं पुसलं. चहा करून आलो तर जागेवर. प्रोग्रामच काढून टाकला, तोही परत आला. नाव तेवढं बदलू देतो. भलतीसलती अक्षरं घेत नाही, माणसाचंच नाव लागतं. तूबा काढून मीना घातलं. माझ्या ओळखीत कुणी मीना नाही. हुश्श.

२२ नोव्हेंबर

अठराव्यावर खूण. उद्या तूबा येतेय. येऊ नका म्हणून तार केली — मिळाली की नाही कोण जाणे.

२३ नोव्हेंबर, दुपारी बारा

विमलबाई वर आल्या होत्या. चिमी सकाळपासून सापडत नाही. पोलिसांना दाखवायला पोरीचा शाळेचा दाखला हातात. त्यावर नाव वाचलं. मीना.

सगळे चिमीच म्हणायचे. मी कधी विचारलंच नाही.

खाडीकडे बघा म्हणालो. बघितलं, कुणी नाही म्हणाल्या. भरती साडेचारला. चौकोन अजून रिकामा आहे — म्हणजे पोर जिवंत आहे.

दुसरं नाव घालू? कुठलंही घातलं तरी कुणाचं तरी असणारच. माझं घातलं. प्रोग्राम म्हणतो, हे पात्र या प्रसंगात आधीच आहे.

पुन्हा तूबा लिहिलं तर चिमी सुटेल. बोटं कीबोर्डवर ठेवली — नाही जमलं. मी बाप आहे. अल्लाह माफ करो. नाही, नको करूस माफ.

चार वाजता

दोघी आल्या. तार मिळालीच नाही. शमसुन्निसा खाली विमलबाईंजवळ बसलीय. तूबाला छातीशी धरलं — सोडणारच नव्हतो —

कार्ड बघायला वळलो, तेवढ्यात — अब्बा, तिवरांत लाल फ्रॉक दिसतोय, मी आणते तिला, म्हणाली नि पळाली —

कार्डावर दोन नावं —

दाराची कडी निघत नाहीये — खांदे मारून मारून — खाली कुणाला ऐकू जात नाही —

खिडकीत आलोय. लाल फ्रॉक. त्याच्या मागे तूबाची वेणी. पाणी चढतंय. घसा फुटेस्तोवर हाका मारतोय — वळ ना गं — एकदा तरी मागे —