घोड्यासह बग्गी

मी, संपतराव ग्यानोबा खंदारे, वय त्रेसष्ट, धंदा जळालेल्या पंपाच्या मोटारींत नवी तार भरण्याचा, राहणार हट्टा, ता. वसमत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कुणाच्याही दबावाला न जुमानता स्वतःच्या हातानं लिहीत आहे. सोमवारी नांदेडला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. याआधी वसमतला टाइप करून घेतलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. कारण पुढं येईल.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी अनुसयाबाई हिची. मुलगा शिवहार यानं तिला पुण्याला नेण्याची घाई करू नये. तिला लिफ्टची भीती वाटते. मलाही वाटते.

२. वायंडिंगचं दुकान हत्यारांसह मुलगी सीमा हिला. पंपाच्या मोटारी ती माझ्याइतक्याच चांगल्या भरते. शिवहारला दुकान नको आहे, त्याला माझं घड्याळ. शेजारी नेमसिंगला काहीही देऊ नये. उलट त्यानं नेलेली पक्कड परत आणावी.

३. बग्गी. ही शिवहारनं पुण्याहून आणलेली, रिमोटवर पळणारी हातभर गाडी. तिला खेळणं म्हटलेलं मला खपत नाही. आली तेव्हा काळ्या रानात चाकं चिखलानं गच्च होऊन जागीच बसायची. आता तिच्यात मूळचं फारसं उरलेलं नाही. चाकांवर सायकलच्या टायरचे तुकडे चिकटवले. स्प्रिंगा आधी बॉलपेनच्या लावल्या, त्या पहिल्याच बांधावर झोपल्या. मग मी तार वळून घरीच केल्या. मोटार जाड तारेनं, कमी वेढ्यांची भरली. पळते भन्नाट, पण तापते, म्हणून तिच्यावर जुन्या रेडिओतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या. शॉकअपमध्ये अनुसयाबाईच्या शिलाई मशीनचं तेल आहे. ते आपोआप संपत नव्हतं, हे तिला आता कळेल.

हा सगळा खटाटोप धाकटा भाऊ व्यंकटराव याच्यामुळं. त्याची बग्गी वरातीची, घोड्याची. तीन वर्षांमागं खरी बग्गी कुणाची, यावरून आमची शर्यत लागली. माझी मोटार तापून अर्ध्यात थांबली, त्याचा घोडा कडब्याच्या गंजीपाशी थांबला. दोघंही 'मीच जिंकलो' म्हणालो आणि बोलणं बंद झालं. थंड झाल्यावर माझी मोटार पुन्हा पळाली असती, या म्हणण्यावर मी आजही ठाम आहे. पण भावाशी न बोलता ऑपरेशनच्या टेबलावर आडवं व्हायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून 'बग्गी भाऊ व्यंकटराव यास' असं मी टाइप करायला सांगितलं.

४. टाइप करणाऱ्यानं 'बग्गी' ऐकून आपल्या मनानं 'घोड्यासह' घातलं. ही खबर माझ्याआधी गावात पोचली. काल संध्याकाळी व्यंकटराव दारात उभा.

"दादा, बग्गी माझी, घोडा माझा, आन् तू मलाच वारसात देऊन राहिला? काहून?"

तीन वर्षांत तो पहिल्यांदा बोलला, तेही भांडायलाच. मला फार बरं वाटलं. मी आतून छोटी बग्गी आणून त्याच्या हातात ठेवली.

"ही म्हणलो व्हतो. मी मेल्यावर घे."

त्यानं ती उलटी करून बघितली, चाकं फिरवली, पट्ट्यांवरून बोट फिरवलं. डोळे पुसले आणि म्हणाला, "मेल्यावर काहून? मला आत्ताच पायजे. रविवारी शर्यत. ही मी पळवतो, घोडा तू हाक."

सबब कलम तीनमधली बग्गी कालच दिली गेली असून वाटण्यासाठी शिल्लक नाही. अनुसयाबाईचं म्हणणं, "आदी ऑपरेशन तर होऊ द्या!" ते ऐकून घेतलं आहे.

५. रविवारी छोटी पुढं गेली तर माझी बग्गी जिंकली, मोठी पुढं गेली तर हाकणारा मी. बराबर? हे व्यंकटरावच्या अजून ध्यानात आलेलं नाही. कुणी सांगू नये.

ठिकाण: हट्टा
तारीख: ७ फेब्रुवारी २००७
सही: संपतराव ग्यानोबा खंदारे

साक्षीदार:
१) नेमसिंग राठोड, शेजारी (शर्यतीचा पंचही मीच)
२) व्यंकटराव ग्यानोबा खंदारे (वाचून सही केली. ध्यानात आलंय. मी बी दोन्हीकडून जिंकतो. सोमवारी नांदेडला संगं येतो.)