विरुद्ध बाजूचा परिच्छेद

१२ जाने.
आर्णीचा क्लास. निबंधात आज पुन्हा सगळ्यांचं 'लोक म्हणतात'. म्हटलं, कोणते लोक? नाव सांगा, त्यानं डोळ्यानं पाह्यलं का? गोलू म्हणे, "सर, तुमी त ठाणंच उघडलं!" आधी मी कितीतरी वर्षं काळी-पिवळी टॅक्सी चालवली. मागच्या सीटवर कोण खरं बोलतो, कोण हवेत, मान न वळवता कळायचं. तेच शिकवतो. आता फी घेतो, एवढंच.

१५ जाने.
पूजा राठोड, अकरावी. तिच्या तांड्यावरची शाळा पट कमी म्हणून बंद करणार म्हणतात. अर्ज लिहायचा आहे तिला. म्हटलं, रडगाणं नको. पुरावा दे. आणि विरुद्ध बाजू आपणच मांडून तिचं उत्तर दे. लपवली की साहेब तिथंच पकडतो.

२१ जाने.
काय लिहिलंय पोरीनं! दुसऱ्या शाळेच्या वाटेवरचा नाला, पुलावरून पाणी जातानाचा फोटो. वाट लांब म्हणून शाळा सुटलेल्या पोरींची नावं. शेवटी विरुद्ध बाजू : दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला जातात, अर्धे बाक रिकामे राहतात, पण परतल्यावर हीच पोरं याच बाकांवर बसतात.
"सर, रिकाम्या बाकांचं ठेवू का?"
"ठेव. त्यानंच वजन येते."

९ फेब्रु.
शिक्षण कार्यालयात अर्ज द्यायला तिच्यासोबत गेलतो. साहेबानं सगळं वाचलं. "कोणाकडं शिकते?" माझी छाती फुगली. बाहेर चपला घालत होतो तर आतून साहेब बाबूला, "रिकाम्या बाकांची ओळ तेवढी घे. गावाचंच म्हणणं आहे."
परत आत गेलो. म्हटलं, साहेब, पुढची ओळबी घ्या ना. "घेऊ, घेऊ."
पूजाला ऐकू गेलं नव्हतं. "सर, झालं ना काम?" म्हटलं, पाहू.

१८ मार्च
आदेश आला. जूनपासून शाळा बंद. कारणात तिचं वाक्य, 'पण'च्या आधी तोडलेलं.


६ एप्रिल
तांड्यावर गेलो. ऊसतोडीची माणसं परतली आहेत. पूजाच्या बापानं, रामधननं, खाट टाकली, पाणी दिलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणे, "मास्तर, आमी तिकडं थंडीत ऊस तोडून राह्यलो, अन् आमच्याच पोरीनं आमाले गैरहजर लिवलं."
मी समजावायला गेलो.
पूजा आतच. भांड्यांचा आवाज येत होता, मी बोललो की थांबायचा.

११ एप्रिल
आली आज. वर्ग सुटेपर्यंत मागं बसून राह्यली, मग उठली.
"सर, ते वाक्य खरं होतं ना?"
"खरंच होतं."
"यवतमाळले अपील करून राह्यलो. ते ठेवू का काढू?"
दारात निघालेली पोरंही थांबली. मी फळा पुसत होतो, पुसलेलाच.
म्हटलं, उद्या सांगतो.
"उद्या रविवार हाय, सर."