परत सांगा

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी निघोज्याच्या रस्त्यावरच्या आपल्या मेडिकलमध्ये अजून तुमचाच स्टूल आहे. त्यावर बसवूनच तुम्ही मला गोळ्यांच्या स्ट्रिपवरची अक्षरं लावायला शिकवलंत. दहा वर्षांची असताना एका बाईंच्या हातात तापाचं औषध देऊन मी मोकळी झाले, तेव्हा सगळ्यांसमोर ओरडला होतात, "मान डोलावली म्हणजे कळलं असं नसतं. परत सांगायला लाव त्यांना." तेव्हापासून मी प्रत्येकाला "परत सांगा" म्हणते. चाकणच्या कंपन्यांतली पोरं हसतात, "ताई, परीक्षा घेताय का?"

कोरोना तुम्ही पाहिला नाहीत. दुकानापुढे दोरी बांधलेली, काउंटरवर प्लास्टिकचा पडदा, तोंडाला मास्क आणि रांग पार चहाच्या टपरीपर्यंत. माल वेळेवर येत नव्हता. गावातले एक काका त्यांच्या आईची शुगरची गोळी न्यायला आले. नेहमीची संपली होती, दुप्पट ताकदीची होती. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि पडद्याआडून सांगितलं, "ही अर्धीच द्या." मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, आवरा ना, शिफ्ट चुकंल!" काकांनी मान डोलावली. कुणी काउंटरपाशी जरा जास्त थांबलं की मला धडकी भरायची. त्याच्या काळजीनं नाही, माझ्याच. मी परत सांगायला लावलं नाही. पाकिटावर लिहिलंही नाही.

तिसऱ्या दिवशी काका दोरीपाशी उभे. "ताई, म्हातारी घामाघूम झाली, बोलंना. दवाखान्यात नेली, तर शुगर पार उतरलेली. आता बरी हाय. मी आख्खी गोळी देत हुतो. माझंच चुकलं, ऐकूच आलं न्हाई."

मी म्हणाले, "नीट ऐकायचं ना, काका!"

त्यांची आई अजून आहे. काका दर महिन्याला येतात आणि मी विचारायच्या आत बोटांवर मोजून सांगतात, "सकाळी एक, जेवणाआधी. बराबर ना ताई?" मी बरोबर म्हणते आणि स्ट्रिप कापायच्या निमित्तानं खाली बघते.

हे पत्र गल्ल्याखालच्या खणातच राहील. आज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी तुमच्या स्टुलासमोर उभी राहून ते मोठ्यानं वाचलं, परत सांगितल्यासारखं. काकांना जे म्हणाले होते, तेवढं एक वाक्य वाचताना गाळलं.